दोन माइकांचा डबा

अपेक्षाने तिसऱ्यांदा ऑर्डर रद्द केली. एका माइकचा घ्यावा की दोन माइकांचा, काही केल्या ठरत नव्हतं. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा एवढासा डबा, ऑडिओ इंटरफेस म्हणायचं त्याला, पण त्याने तिची झोप उडवली होती. एक व्हिडिओ सांगे, नवशिक्याला हाच बरा. दुसरा सांगे, हा घ्याल तर पस्तावाल. आणि शुक्रवारी बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टर स्पष्टच बोलले होते.

बाबा म्हणजे सत्यवानबुवा. देवगडच्या आसपास चाळीस वर्षं भजन गाजवलेला माणूस. आणि घरात त्यांचं एकही गाणं धड जपलेलं नव्हतं. होती ती मोबाइलवरची, झांजांत बुडालेली. अपेक्षाला याची आता लाज वाटत होती.

"एकाच माणसाचा गाणा तां," ती म्हणाली. "एका माइकाचो पुरे ना?"

बुवा पडवीत बसून खोक्यात आंब्यांखाली गवत पसरत होते. "दोनाचो घे," मान वर न करता ते म्हणाले.

दुसरा हार्मोनियमला लागणार, असं तिने धरलं आणि एकदाची ऑर्डर दिली. मग चार दिवस कुरिअरवाल्याच्या जिवाला घोर लावला. डबा आला तोच गुरुवारी सकाळी.

बंदरातल्या होड्यांची इंजिनं ऐकू येऊ नयेत म्हणून तिने खिडक्या लावल्या, दारावर गोधडी टांगली. एक माइक बाबांच्या तोंडाशी, दुसरा पेटीशी. चुकायला आता उद्या नव्हता.

बुवांनी पेटीवर सूर भरला. मग बरोब्बर एका ओळीइतके ते गप्प राहिले, पेटी तेवढी चालू. मग ओळ म्हटली. पुन्हा गप्प, पुन्हा ओळ. आणि गाणं तरी कसं सपाट! ना तान, ना हरकत. बुवा असे कधी गायलेच नव्हते. असं मागे बसलेले कोरसवाले गातात, बुवाने टाकलेली ओळ उचलून.

तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "बाबा, तुमी दमलास काय? रवांदे. मधली मोकळी जागा मी मगे कापून टाकतंय."

"कापू नको."

"मगे बुवाची ओळ खंय आसा?"

दहा वर्षांची होईपर्यंत अपेक्षा याच माणसाच्या मागे कोरसात मांडी ठोकून बसायची, सगळ्यांच्या आधी ओळ उचलायची. मग मोठी झाली आणि कुणी काही न बोलता चहाच्या किटलीशी गेली. तेव्हा बुवांनीही तिला परत बोलावलं नव्हतं.

त्यांनी पेटीजवळचा माइक उचलला आणि तिच्यासमोर ठेवला.

"ती तुझी," ते म्हणाले. "तू फुडे म्हण गो. आता कायम मी मागसून आसतलंय."