डब्याचं भाडं

देवमननं शिलाई मशीनखाली हात घातला, बॉबिन केस काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"पुरे पैसे आल्याबिगर मशीन हालणार नाई."

शाइस्ता बघतच राहिली. त्या एवढ्याशा लोखंडी तुकड्याशिवाय खालचा दोरा बसत नाही, टाका पडत नाही. म्हाताऱ्यानं जन्मात कधी सुईत दोरा ओवला नसेल, पण काय काढून ठेवलं की मशीन मुकी होते हे त्याला बरोबर ठाऊक होतं. दारात टेम्पो उभा होता. तिचा भाऊ वकार हातात दोर घेऊन थांबला होता. फोनवर फोटो पाहून ही जुनी मशीन विकत घ्यायला दोघं अकोल्याहून अमरावतीला आली होती.

"काका, तुमच्यासमोर नऊ हजार टाकले. डब्यानं सांगतलं ना?"

डब्यानं सांगितलं होतं. किराणा दुकानात असतो तसलाच डबा, पैसे आले की मोठ्यानं बोलणारा. त्यावरच्या चौकोनी कोडावर 'सुभद्रा पिको-फॉल' असं लिहिलेलं होतं. शाइस्तानं पैसे टाकायला साधा मोबाइल नंबर मागितला होता. म्हातारा म्हणाला होता, "मशीन तिची, तर पैसे तिच्याच डब्यात टाक." सुभद्रा म्हणजे त्याची बायको. ती दिवाळीच्या आधी गेली.

"डबा एक बोलते, बँक दुसरंच बोलते." देवमननं बायकोचा फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. बँकेच्या मेसेजात आठ हजारांवर थोडेसेच दिसत होते. "मधातले आठशे कावून कापले? कोणं कापले?"

शाइस्तानं आपला फोन पुढे केला. तिच्याकडून पूर्ण नऊ हजार गेले होते.

वकार तिच्या कानाशी आला. "आपा, ये वही खेल है. बोलेगा और डालो. फिर और डालो."

तिलाही तेच वाटत होतं. ती खोलीभर नजर फिरवत राहिली. मशीनच्या कव्हरवर धूळ होती. दोऱ्यांच्या रिळांवर धूळ होती, कात्रीवर होती. डबा मात्र लख्ख पुसलेला, आणि त्याचा लाल दिवा चालू. दुकान बंद म्हणतो, मग हा डबा कोणासाठी चालू ठेवलाय? ही एकच मशीन या माणसानं आजवर किती जणांना विकली असेल?

अकोल्यात ती दुसरीच्या मशीनवर बसत होती आणि अर्धी मजुरी त्या बाईला जात होती. स्वतःची मशीन येणार या भरवशावर तिनं लग्नाच्या साड्यांचं काम घेतलं होतं, उद्यापासूनचं. साठवलेलं सगळं आता या घरात पडलं होतं. वर टाकायला आठशे नव्हते.

"काका, दुकान बंद आहे म्हनता. मग डबा कसा चालू?"

"राहते चालू." देवमननं तोंड फिरवलं. मग आपणच बोलला, "सुभद्रा होती तवा दिवसभर बोले हा. मी मागच्या घरात पडलो राहो. डबा बोलला का मले कळे, बाई कामावर आहे."

"ते राहू द्या. तुमी फसवून राहिले मले."

"मी? तुनंच काही खटका दाबला असन त्या फोनात! आजकालच्या पोरी."

"मंग लावा कंपनीले फोन. मोठ्यानं ठेवा. वकारही ऐकन, मीही ऐकन."

डब्याच्या पाठीवर नंबर होता. देवमननं तो बोटानं एकेक आकडा दाबत लावला. बऱ्याच वेळानं एका मुलीचा आवाज आला.

"सुभद्राताई बोलतायत का?"

"मी तिचा मालक बोलतो. घरची मशीन विकली, त्यातले माहे आठशे रुपये कावून कापले?"

मुलीनं खातं उघडलं. "सर, ते डब्याचं भाडं आहे. हा दुकानाचा कोड आहे. खात्यात आलेल्या पैशातून दर महिन्याला भाडं कापलं जातं. तुमच्या खात्यात तेवढे पैसेच येत नव्हते, म्हणून ते साचत गेलं. आज मोठी रक्कम आली, त्यातून सगळं एकदम वळतं झालं. घरातली वस्तू विकताना साधा नंबर दिला असता तर काही कापलं नसतं."

शाइस्तानं श्वास सोडला. वकारनं दोर खांद्यावर टाकला. देवमन मात्र हटला नाही.

"दुकान तर बंद आहे! बंद दुकानाचं भाडं काहाचं?"

"सर, व्यवहार थांबले की डबा आम्ही आपणहून बंद करतो. पण तुमचे थांबलेले नाहीत." मुलगी वाचून दाखवू लागली. "रोज संध्याकाळी एक रुपया येतोय. काल आला, परवा आला, त्याच्या आधीही. एकाच नंबरवरून. नाव दिसतंय देवमन…"

ती पुढे आडनाव वाचत होती. वकारनं चप्पल घातली आणि उगाच टेम्पोकडे गेला. शाइस्ता डब्याच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीच्या टोकानं मशीनच्या कव्हरवरची धूळ हळूच पुसली.

"सर, ऐकताय ना? डबा परत घेऊ का? म्हणजे पुढे काही कापलं जाणार नाही."

देवमननं खिशात हात घातला. बॉबिन केस शाइस्ताच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं वरून मिटवली. मग फोन तोंडाजवळ नेला.

"नको बाई," तो म्हणाला. "कापत राहा."