मसाल्यात खोट नाही

"मसालाच खराब आहे," इंजिनियर म्हणाला आणि हातातला वेल्डिंगचा रॉड त्यानं टेबलावर टाकला. "संध्याकाळी मी स्वतः प्रेसचे बोल्ट आवळून जातो, तेव्हा रॉड सरळ जळतात. सकाळी पुन्हा वाकडे. रात्री कुलूपबंद कारखान्यात प्रेसला कुणी हात लावत नाही. म्हणजे रात्रभरात बिघडतो तो मसालाच. तसं लिहून देतो."

कनकाची कानशिलं तापली. मद्रासमधल्या गिंडीच्या त्या लहानशा कारखान्यात ती आणि तिच्या आठ मैत्रिणी रॉडच्या तारेवर चढवायचा मसाला कालवत. या कामाला आठ वर्षं झाली होती. तारेचा एकेक तुकडा मसाल्यात बुडवायचा आणि लेप सुकेपर्यंत बोटांवर फिरवत राहायचा. फिरवला नाही तर लेप एका अंगाला उतरतो, आणि रॉड पेटवला की ज्योत तिरपी पळते. मद्रासच्या किती बसगाड्यांचे सांधे या नऊ जणींच्या बोटांनी धरून ठेवले होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग परदेशातून तारेवर लेप चढवणारी प्रेस आली, आणि ती बसवून द्यायला हा इंजिनियर. नऊ जणींचं दिवसाचं काम ती तासाभरात करणार होती. ती चालली की आपण घरी, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्याजणी जाणून होत्या. ती परत जावी म्हणून सीतालक्ष्मी पिळ्ळैयार गणपतीला अकरा नारळ बोलली होती. तीन आठवडे प्रेस वाकडे जळणारे रॉड काढत होती आणि नऊ जणी सुखानं झोपत होत्या.

मालक राघोत्तमराव थकून खुर्चीत बसले. "मग आमचा मसाला तुमच्या प्रेसला चालत नाही. न्या ती आजच परत."

आता फक्त गप्प राहायचं होतं. सीतालक्ष्मीनं कनकाला चिमटाही काढला.

"सार," कनका म्हणाली, "मसाल्यात खोट नाही."

"कनका, तू बस ग," सीतालक्ष्मी पुटपुटली.

कनका बसली नाही. प्रेसमधून निघालेला एक सुकलेला रॉड तिनं काचेच्या गुळगुळीत टेबलावर ठेवला आणि हलकेच ढकलला. तो थांबला, तेव्हा वरच्या अंगावर तिनं नखानं रेघ ओढली. पुन्हा ढकलला. डुलत डुलत थांबला, तो रेघ वर ठेवूनच. तिसऱ्यांदाही तेच.

"एक अंग जड आहे, सार. मसाला चांगला आहे, पण तार मधोमध नाही. प्रेसचा एखादा बोल्ट बघा."

इंजिनियर कपाळाला आठ्या घालून प्रेसपाशी वाकला. डावीकडचा बोल्ट बोटानं फिरत होता. तो त्यानं आवळला. पुढचे रॉड भट्टीत सुकवून पेटवले, तेव्हा ज्योत समईसारखी सरळ उभी राहिली.

सीतालक्ष्मीनं कनकाकडे पाठ फिरवली. आपण काय करून बसलो ते कनकाला आत्ता कळलं. आठ घरांच्या चुली तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. नववी तिची स्वतःची.

राघोत्तमराव रॉड हातात फिरवत होते. "उद्यापासून प्रेसपाशी तू बसायचं," ते म्हणाले. "आणि मैत्रिणींना सांग, तोंडं पाडू नका. ही एवढे रॉड काढणार की पारखायला आणि बांधायला नऊ जणी पुरायच्या नाहीत. कुणाला घरी पाठवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"मग आधी सांगायचं ना, सार," सीतालक्ष्मी म्हणाली आणि पदरानं नाक पुसू लागली. "उगाच अकरा नारळ बोलून बसले मी."

दाराशी आरामखुर्चीत राघोत्तमरावांचे वडील दत्ताजीराव कॉफी पीत बसले होते. कारखाना त्यांनीच उभा केलेला. अजूनही रोज पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप तेच उघडत. त्यांनी कनकाला बोटानं जवळ बोलावलं, धोतराच्या कनवटीतून एक छोटा पाना काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"घे, आता मला नको हा," ते हळूच म्हणाले. "तीन आठवडे रोज पहाटे तुमच्यासाठी तो बोल्ट सैल करत होतो, पोराला मात्र सांगू नकोस."