गोविंदाचा कागद

चंपाबाई रेल्वे फाटकाच्या अलीकडे थांबली. पलीकडे गोविंदा हिरवी झेंडी धरून उभा होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. गाडी गेली. गोविंदानं फाटक उघडलं आणि पाठ फिरवली.

दर बाजाराला हे असंच. म्हातारी अनसिंगपर्यंत पायपीट करायची ती मीठ-मिरचीसाठी थोडीच! पोटचा पोरगा तीन वर्षं बोलला नव्हता. तिनंही हाक मारली नव्हती. जीव नुसता तुटायचा.

गुन्हा काय, तर एक जातीचा दाखला. रेल्वेत तेव्हा बौद्धांना राखीव जागांची सवलत नव्हती. नोकरीसाठी मायलेकांनी वाशिमला तहसिलीचे हेलपाटे घातले, नोकरी लागली, आणि कागदात 'हिंदू महार' लिहिलंय हे मागून उघड झालं. छप्पन साली ज्या वस्तीनं देव नदीत सोडले, तिला हे कसं खपावं?

विहारात बैठक भरली. चंपाबाईचा थोरला मुलगा देवमन पार्टीचा पुढारी. त्यानंच ठराव मांडला, "ज्यानं धम्म इकला, त्याच्याशी बोलनं बंद, पानी बंद." सगळ्यांचे हात वर गेले. चंपाबाईचाही गेला. तिच्या नवऱ्यानं, गोविंदाच्या बापानं, देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं पाण्यात टाकले होते. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा तिला सोसवला नाही.

गोविंदा तेव्हा एक शब्द बोलला नाही.

आता त्याला मुलगी झाली होती. चंपाबाईनं देवमनच्या मागं टुमणं लावलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "येऊ दे त्याले. दाखला अन् त्याच्यासंगचे सारे कागद विहारात वाचायचे, सगळ्यांसमोर जाळायचे. मंग तो आपला."

एवढंच? म्हातारीला आकाश ठेंगणं झालं. निरोप गेला. उत्तर आलं, कागद देत नाही.

वस्ती भडकली. मायपेक्षा कागद प्यारा झाला म्हणे!

चंपाबाई दुसऱ्याच दिवशी फाटक ओलांडून थेट गोविंदाच्या क्वार्टरात शिरली. ठराव गेला खड्ड्यात. पाळण्यातली नात तिनं उचलली, छातीशी धरली आणि ढसाढसा रडली.

"दे रे बाप्पा तो कागद. हिले मले घरी नेऊ दे."

"नाही देत, माय."

"काहून? एवढा कायचा जीव हाय तुहा त्याच्यात?"

"वाचतीन ना ते."

"वाचू दे! चूक केली तं कबूल कर. देवमन माफ करते म्हनते ना."

"मले करीन तो."

"मंग?"

गोविंदानं पेटी उघडली. दाखल्याखालचा दुसरा कागद काढून तिच्यासमोर धरला. तिला अक्षर येत नव्हतं.

"आमी हिंदू हाओत, असं घरच्या मोठ्या मानसानं लिहून द्या लागते. बाबा तं नव्हते." त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "हा अंगठा तुहा हाय, माय."