भिंतीवरचा नमुना

"सर्व्हे नंबर एकेचाळीस, गोवर्धन, दोन एकर." हेडक्लार्क मोरोपंतांनी चिठ्ठी पुढे सरकवली. "जानराव, चारच्या आत फाईल हवी. साहेब सही करून पाचच्या गाडीनं अमरावतीला जाणार. ही शेवटची यादी."

जानराव अकोल्याच्या त्या कचेरीत दफ्तरी होता. सरकारी पडीत जमीन ज्याला द्यायची त्याचं नाव, नंबर आणि एकर एवढं चिठ्ठीवर आलं, की बाकी सगळी फाईल त्याच्या हातून निघे. आधी पुठ्ठा, मग सात कागद. प्रत्येकावर मथळा, रेघा, बाबूंनी भरायच्या रिकाम्या जागा. शेवटी दोन भोकं पाडून कचेरीचा पांढरा दोरा.

हे सगळं तो भिंतीवर टांगलेल्या नमुन्यात पाहून उतरवी. नमुना त्यानंच निवडला होता, सहा वर्षांपूर्वी. सातही कागद पुरे आणि निळ्या दोऱ्याची शिवण अशी नेटकी, की पाहत राहावं. तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं; चित्र काढावं तसे तो मथळे काढी. सातव्या कागदाच्या तळाशी लाल शाईच्या दोन ओळी होत्या, तेवढ्या सोडायच्या. "ती साहेबांची जागा," असं मोरोपंतांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गेल्या साली, पन्नाशी उलटल्यावर, तो प्रौढवर्गात बसला. पुठ्ठ्यावर डकवलेला 'नमुना' हा त्यानं वाचलेला पहिला शब्द. त्या दिवशी त्यानं सगळ्या कचेरीला चहा पाजला होता. पण तोवर आतले सातही कागद त्याच्या हाताला पाठ झाले होते; ते उघडून वाचायची कधी गरजच पडली नाही.

गोवर्धनची फाईल अर्धी झाली, तोच खिडकीशी ओळखीचा आवाज आला.

"जानरावभाऊ, सापडली का माही फाईल?"

चतुराबाई मूर्तिजापूरकडची. सहा वर्षं दर दोन महिन्यांनी ती या खिडकीशी येई. गावाबाहेरचं दोन एकर माळरान तिनं दगड वेचून वेचून शेत केलं होतं. सत्तावन्न साली अर्ज दिला. त्यानंतर कचेरीत फाईलच नव्हती.

"बाई, तुमचा नंबर कोणता म्हनलं होतं?" जानरावानं उगाच विचारलं.

"एकेचाळीस. कितीखेप सांगू? झोपेतयी सांगीन."

जानरावाच्या हातातला टाक थांबला. तो उठून मोरोपंतांच्या टेबलाशी गेला.

"बाबूजी, एकेचाळीस नंबर त या बाईच्या वहिवाटीत हाय."

"असेल. कागद कुठे आहे?"

"गोवर्धन त या बाईच्या गावच्या पाटलाचा साळा हाय म्हन्तेत."

मोरोपंतांनी चष्मा काढला. "म्हणजे मी फाईल दडवली, असं म्हणायचंय तुला?" त्यांनी टेबलाचा खण ओढून उघडा केला. आत अडकित्ता, सुपारी आणि जुनं पंचांग. "घे, शोध. माझ्या घरीही ये. आतापर्यंत सगळी कपाटं कोणी पाहिली?"

"म्याच पाह्यली."

"वाचता येत असताना?"

"हो जी."

"मग मला काय विचारतोस?"

जानराव परत जागेवर आला. खोटं नव्हतं. वाचायला लागल्यापासून त्यानं कपाटातली एकूण एक फाईल नावासकट पाहिली होती. तीनदा. तीनशे बारा नावं त्याला पाठ झाली होती. त्यांतल्या अर्ध्याअधिकांच्या फायली त्यानंच केलेल्या. चतुराबाई कुठंच नव्हती.

तीन वाजले. मोरोपंत साहेबांकडे गेले. जानरावानं गोवर्धनची फाईल बाजूला सारली आणि नवा पुठ्ठा काढला. चिठ्ठीवाचून त्यानं आजवर एकही फाईल केली नव्हती. सापडला असता तर नोकरी गेली असती. तरी त्यानं पुठ्ठ्यावर स्वतःच्या अकलेनं, कुठंही न पाहता, सावकाश लिहिलं: चतुराबाई. मग दार उघडलं.

"बाई, अंदर या. आंगठा लागते."

"अंदर? मले?" ती उंबऱ्याशी अडखळली. "सहा सालात खिडकीच्या अल्याड नाई आली म्या."

"आज या. लवकर. दोन्ही फायली साहेबापुढं ठेवतो. मंग होईन ते होईन."

ती आत आली. जानरावानं शाईची गादी पुढे केली. तिनं अंगठा टेकवला, पण कागदावर उठवायच्या आधीच तिचा हात हवेत राहिला. ती भिंतीकडे पाहत होती.

"भाऊ, हे काय टांगलं?"

"तो नमुना. त्याच्यावरून साऱ्या जिल्ह्याच्या फायली होतेत."

"दोरा कोनाचा त्याले?"

"दोऱ्याचं काय घेऊन बसल्या? आंगठा लावा."

"तसं नाई. माह्या निळ्या लुगड्याचा काठ उसवून म्या दोरा काढला होता. कागद हरपू नाई म्हनून घरी शिवून आनले, अन् इथल्या बाबूच्या हाती देल्ले. असा उलटा टाका माही मायच घाले. मले शिकवला तिनं."

जानराव हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्यानं खिळ्यावरून नमुना काढला. बोट ओलं करून 'नमुना'ची पट्टी सोलली. जुनी खळ होती, लगेच सुटली. खालची अक्षरं त्यानं आत्ताच, अर्ध्या घटकेपूर्वी, आपल्या हातानं दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिहिली होती.

त्यानं कागद उलटत सरळ सातवा काढला. सहा वर्षं ज्या दोन ओळी तो सोडत आला होता, त्यांवर त्यानं बोट ठेवलं आणि प्रौढवर्गात वाचावं तसं, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचायला लागला.

"सर्व्हे नंबर एकेचाळीस... चतुराबाई हिला मंजूर. तारीख, चौदा जून सत्तावन्न... ताबा... आजच्या आज द्यावा."