पायरीवरचा बाप्तिस्मा

"घोटाभर हाय!" नदीत उभा राहून नथू ओरडला. "आडवा झालो तं नाक वर ऱ्हाईल."

काठावरची मंडळी हसली. दामू हसला नाही. शेणव्याजवळच्या या वाडीतल्या चर्चचा तो सगळ्यात जुना पंच.

"नाक वर ऱ्हायलं तं बाप्तिस्मा नाय," तो म्हणाला. "जुलैपर्यंत थांब. नदी येईल."

"तवर हिनं प्याला कसा धरायचा?" नथूनं काठावर बसलेल्या बायकोकडं, चिमाबाईकडं बोट केलं.

चिमाबाई जन्मापासून मंडळीतली. नथू मात्र दर रविवारी तिला चर्चपर्यंत आणायचा आणि स्वतः पायरीवर बसायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, "चपला कोन सांभाळील? कुत्री नेतात." गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला फिरताना, चिमाबाईच्या थरथरत्या हातातून प्याला सांडला. नथूनं ते दारातून पाहिलं. संध्याकाळी त्यानं चर्चच्या पाळकबाईंना फोन लावला आणि म्हणाला, मला आत यायचंय, तिच्या बाजूला बसायचंय. पण प्रभुभोजनाला बसायचं तर आधी बाप्तिस्मा हवा.

आज पुन्हा प्रभुभोजन होतं. पाळकबाई, रत्नप्रभा, मुरबाडहून जीपनं आल्या होत्या. वाडीची विहीर तळाला गेली होती, नदीत गढूळ डबकं तेवढं उरलं होतं. काल टँकर येऊन गेला, तेवढंच पाणी घराघरात होतं.

"तुमच्या मुरबाडला चार थेंबांत भागतं, बाई," दामू म्हणाला. "आमच्यात नाय. माजा बाप याच नदीत बुडून वर आला."

रत्नप्रभा आधी रसायनशास्त्र शिकल्या होत्या, मग ईश्वरविज्ञान. एखादा नियम ऐकला की तो कुठून आला हे त्यांना आधी पाहावंसं वाटे.

"दामूकाका, पाण्यावरून भांडणारे आपण पहिले नाही. पाचशे वर्षांपूर्वी झुरिक शहरात बाप्तिस्म्यावरून वाद पेटला. तान्ह्या बाळाला द्यायचा, की जाणत्या माणसानं मागून घ्यायचा? मोठेपणी घेणाऱ्यांना शहराच्या सभेनं शिक्षा ठरवली. नदीत बुडवून मारायचं."

"कुनी? रोमवाल्या कॅथलिकांनी?"

"नाही. आपल्यातल्यांनीच. दोन्हीकडं प्रॉटेस्टंट, दोन्हीकडं तेच बायबल."

दामू नदीकडं बघत राहिला. "म्हंजे पानी भरपूर होतं तिथं."

"भरपूर."

"मंग मला हितलीच नदी बरी!" नथू पाण्यातून म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

दामूनं टोपी काढून घाम पुसला. त्याचा आवाज उतरला होता. "आन् अगदी पहिले ख्रिस्ती? ते काय करीत?"

"वाहतं पाणी असेल तर त्यात. नसेल तर साठलेल्यात. थंड नसेल तर गरम चालेल. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायचं. प्रेषितांना जाऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हाची शिकवण आहे ही." रत्नप्रभा हसल्या. "त्यांच्याकडंही उन्हाळा होता, काका."

काठावरची लहानी नावाची बाई मंडळीतली नव्हती. ती चिमाबाईची शेजारीण, तिला हात द्यायला आली होती. ती म्हणाली, "पन ओतलं की पानी वाहतंच ना? पायरीवर ओता. जाईल वाहात."

दामूनं तिच्याकडं पाहिलं, मग पायरीचा उतार आठवत असल्यासारखं जमिनीकडं.

"ओतायचं," तो म्हणाला. "पन तांब्या नाय. हंडा." आणि तो चढण चढू लागला.

"कुठं निघालात?" रत्नप्रभांनी विचारलं.

"घरी. रीत माजी, तं पानी पन माजं."

चर्चच्या पायरीवर नथू नेहमीच्या जागी बसला. चिमाबाईची कळशी आली. लहानी आपली कळशी घेऊन आली.

"रातीला काय करशील गो?" चिमाबाईनं विचारलं.

"तुज्याकडं जेवीन. पानी पन तुज्याकडंच पीन."

शेवटी दामू आला, खांद्यावर हंडा, सदरा अर्धा भिजलेला.

पित्याच्या नावानं पहिली कळशी. नथूनं श्वास आत ओढला. पुत्राच्या नावानं दुसरी. तो काहीतरी बोलला, ते कोणाला कळलं नाही. पवित्र आत्म्याच्या नावानं हंडा. तो रत्नप्रभांना एकट्यांना पेलेना. दामूनं बूड धरलं. पाणी पडत राहिलं. कपाळ बुडालं, डोळे बुडाले, नथूच दिसेनासा झाला.

"नाक?" पाण्याबाहेर येत त्यानं विचारलं.

"दिसलं नाय," दामू म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला.

नथू तसाच निथळत आत गेला. सतरंजीवर चिमाबाईच्या शेजारी बसला. तिनं पदरानं त्याचा कान पुसला. प्याला आला तेव्हा तिच्या हाताखाली त्यानं आपला ओला हात धरला. प्याला हलला, पण सांडला नाही.

गीत सुरू होणार, तेवढ्यात नथू दचकला. "अगो, चपला!"

"असू द्या वो," चिमाबाई म्हणाली.

बाहेर पाणी पायरीवरून उतरून चपलांमधून वाट काढत चाललं होतं. वाडीतलं तपकिरी कुत्रं येऊन पोचलं होतं. चपलांना त्यानं तोंड लावलं नाही. ते पाणी पीत होतं.