बाथरूमची नळी

हाताला कंप सुटल्यापासून प्लंबर बाबांनी कामं सोडली होती आणि त्या हाताविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नसे. आज मात्र लेकीचे मासे बादलीत काढून त्यांची गळकी टाकी त्यांनी स्वतःहून रिकामी केली, काचांच्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं आणि नवं भरलं. "बघ, तुझा बाप अजून गंजला नाही," ते मिशीतल्या मिशीत हसले. लेकीने कौतुकाने सिलिकॉनची नळी उचलली आणि वरची अक्षरं वाचली. 'बुरशीनाशक'. जन्मभर बाथरूमचे सांधे भरणारा हात सवयीने तिथल्याच नळीवर गेलेला. सांगावं तर बाबा खचणार, लपवावं तर बादलीतले मासे टाकीत परतल्यावर मरणार. "बाबा, हे माशांना विष आहे." बाबांनी नळी डोळ्यांजवळ धरली. मग ब्लेड लेकीच्या हातात दिलं. "सगळं काढ, कणभरही ठेवू नकोस. मीच काढलं असतं गं, पण माझा हात थरथरतो."