राबणारा मेंदू

मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रातून बाहेर येताच गणिताचे निवृत्त शिक्षक टिपणीस सर नातीशेजारी जाऊन बसले. गणितं सोडवताना लहानांचा आणि मोठ्यांचा मेंदू कसा चालतो, ते तपासायला सरांच्याच जुन्या विद्यार्थिनीने दोघांना बोलावलं होतं.

"मुलांच्या मेंदूचा पुढचा भाग राबतो, सर. मोठ्यांना उत्तर नुसतं आठवतं," ती म्हणाली आणि पडद्यापाशी थबकली. "अगं बाई! चित्रांची अदलाबदल झालीय. राबणाऱ्या मेंदूचं चित्र तुमच्या नावावर आलंय."

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बोटांवर मोजणाऱ्या पोरांना त्यांनी वर्गाबाहेर काढलं होतं, समोरच्या या विद्यार्थिनीलासुद्धा. स्वतः मात्र जन्मभर बुटात पायाची बोटं हलवून मोजत आले होते. "यंत्रच ते, होतं असं," ते पुटपुटले.

"म्हणजे राबणारं माझं?" नातीचा चेहरा उतरला. "पण मला पाढे तोंडपाठ आहेत, आजोबा!"

सरांना ते बघवेना. सगळा धीर एकवटून ते विद्यार्थिनीला म्हणाले, "अगं, अदलाबदल नाही झालेली. ते राबणारं माझंच आहे. मी अजून बोटांवर मोजतो."

तिने कौतुकाने हात जोडले. "नातीसाठी काहीही बोलता हं, सर!" म्हणत तिने चित्रांवरची नावं बदलून टाकली.